हुकमी क्लोजर विकावा का? मिल्वॉकीच्या एका सौद्याचा हिशेब

१ ऑगस्ट २०२२. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये मिल्वॉकी ब्रुअर्सचे ५७ विजय, ४५ पराभव आणि गटात तीन सामन्यांची आघाडी. त्याच दिवशी संघाने आपला क्लोजर जॉश हेडर सॅन दिएगो पाड्रेसला देऊन टाकला. लगेचचे तिन्ही सामने पिट्सबर्गसारख्या दुबळ्या संघाने जिंकले. सौद्यानंतरच्या ६० सामन्यांत मिल्वॉकीने २९ जिंकले, ३१ गमावले. हंगाम ८६ विजयांवर आटोपला आणि ८७ विजयांच्या फिलाडेल्फियाने प्लेऑफमधली शेवटची जागा घेतली. हेडरला ठेवलं असतं तर हे एका विजयाचं अंतर भरून निघालं असतं का? हे बऱ्यापैकी मोजता येतं, आणि मोजायलाच हवं. क्लोजरबद्दलची मतं बहुधा शेवटच्या इनिंगमधल्या धडधडीवर बनतात.

क्लोजर म्हणजे आघाडी टिकवण्यासाठी नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आणला जाणारा पिचर, चेंडू टाकणारा खेळाडू. एका इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तीन गडी बाद करायचे असतात. आपल्याकडच्या टी-ट्वेंटीत अखेरच्या षटकांसाठी राखून ठेवलेला गोलंदाज असतो, तसाच काहीसा. फरक असा की बेसबॉलमध्ये षटकांची मर्यादा नाही, पण एकदा बदललेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणून कोणाला कधी आणायचं, याला फार महत्त्व.

त्याची कामगिरी ‘सेव्ह’मध्ये मोजतात. हा आकडा १९६९ पासून अधिकृत आहे. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना येऊन क्लोजरने पूर्ण एक इनिंग टाकली आणि सामना संपवला, की सेव्ह मिळाला. खोट इथेच आहे. नववी इनिंग सुरू होताना आघाडी एका धावेची असेल तर संघ साधारण ८५ टक्के वेळा जिंकतो. तीन धावांची असेल तर सुमारे ९७ टक्के. दुसरं काम बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचरांमधला, कुठलाही बरा पिचर करू शकतो, पण सेव्हच्या खात्यात दोन्हींची किंमत सारखीच. आठ इनिंगनंतर पुढे असलेले संघ सुमारे ९५ टक्के सामने जिंकतात, आणि खास क्लोजर नेमायची पद्धत रुळण्याआधीही हे प्रमाण जवळपास एवढंच होतं.

आता मिल्वॉकीचा हिशेब. हंगामात १६२ सामने, म्हणजे संघाला ढोबळमानाने १,४५८ इनिंग टाकाव्या लागतात. क्लोजर त्यातल्या ६५ च्या आसपास टाकतो, जेमतेम साडेचार टक्के. पण त्या निर्णायक असतात. आकडेतज्ज्ञ टॉम टँगो यांनी यासाठी ‘लिव्हरेज इंडेक्स’ ही मोजपट्टी दिली: सामान्य क्षणाचं वजन १ धरलं, तर क्लोजरच्या क्षणांचं सरासरी वजन १.८ च्या आसपास येतं. हंगामाचे ६० सामने उरले असताना हेडरच्या वाट्याला साधारण २२ इनिंग आल्या असत्या. त्याच्या जागी येणारा पिचर नऊ इनिंगमागे दीड धाव जास्त देतो असं धरू. २२ भागिले ९, गुणिले दीड, म्हणजे ३.७ धावा. त्याला १.८ ने गुणलं की ६.६. मेजर लीगमध्ये सुमारे दहा धावांचा फरक एका विजयाबरोबर धरतात. तेव्हा नुकसान झालं सुमारे दोन तृतीयांश विजयाचं.

हेसुद्धा जास्त आहे. क्लोजर गेला की आठवी इनिंग टाकणारा नवव्या इनिंगला जातो, सातवीवाला आठव्या. नवखा माणूस सर्वांत खाली, निवांत क्षणांना लागतो. प्रत्येक पायरीवर थोडंथोडंच कमी होतं. ही सरकासरक धरली की नुकसान निम्म्यावर, एक तृतीयांश विजयापर्यंत उतरतं. आधीच्या वेगाने मिल्वॉकीने त्या ६० सामन्यांत ३३-३४ विजय मिळवले असते; मिळाले २९. साडेचार विजयांच्या या घसरणीत हेडरचा वाटा फार तर एखाद्या भागाचा.

आणि हेडर त्यावेळी खरोखर किती चांगला होता? सौद्याच्या दिवशी त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, ४.२४ होता. क्लोजरसाठी हा वाईट आकडा. पण तो कशाने बनला ते जवळून पाहण्यासारखं आहे. १५ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत मिल्वॉकी ५-२ ने पुढे होती. हेडरने एकच गडी बाद केला आणि तीन होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारे फटके, दिले; शेवटचा माइक यास्त्रेम्स्कीचा ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा. सहा धावा, सामना ८-५ ने गेला. सौद्यापर्यंतच्या ३४ इनिंगमधल्या १६ धावांतून ही एक रात्र वगळा: ३३ पूर्णांक २/३ इनिंगमध्ये १० धावा, ईआरए २.६७. कागदावरचा हाच माणूस लगेच पहिल्या दर्जाचा दिसतो.

रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्येच आणल्या जाणाऱ्या, पिचरची पारख अवघड जाते ती यामुळे. खरी क्षमता ३.०० ची असेल तर ६५ इनिंगमध्ये साधारण २२ धावा अपेक्षित. नुसत्या योगायोगाने त्यात चार-पाच धावांचा चढउतार होतो, म्हणजे ईआरए किमान ०.६५ ने इकडेतिकडे. धावा झुंडीने येतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक याहून मोठा. म्हणून सौदा करताना ईआरए बाजूला ठेवून स्ट्राइकआउट (पिचरने थेट बाद केलेले फलंदाज) आणि वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस) यांचं प्रमाण, चेंडूचा वेग आणि त्याचं वळण पाहावं. हे आकडे थोड्या इनिंगमध्येही लवकर स्थिर होतात. पाड्रेसकडे त्या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांत हेडरचा ईआरए ७.३१ झाला, त्याच्याकडून क्लोजरचं काम काही काळ काढून घेतलं गेलं, आणि ऑक्टोबरच्या प्लेऑफमध्ये त्याने एकही धाव दिली नाही.

विकण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम कारण कोपरात आहे. जोरात चेंडू टाकताना कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६० न्यूटन-मीटर पीळ पडतो. प्रयोगशाळेत मृतदेहांच्या कोपरातला तिथला अस्थिबंध याच्या साधारण निम्म्या पिळालाच तुटतो. उरलेला भार स्नायू उचलतात, आणि स्नायू थकतात. अस्थिबंध तुटला की ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा केली. दुसरीकडचा स्नायुबंध कोपरात ओवून बसवतात आणि पिचर वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर राहतो. पिचरचं उद्याचं मोल धरताना ही कपात करायलाच हवी.

मग पगार. खेळाडू मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत संघाच्या ताब्यात राहतो. साधारण तीन वर्षांनंतर पगार लवादाच्या धाकात ठरतो, आणि तिथे सेव्हचं वजन मोठं. हेडर २०२० मध्ये लवादात हरला, तेव्हा त्याला ४१ लाख डॉलर मिळाले. २०२२ मध्ये १.१ कोटी, २०२३ मध्ये १.४१ कोटी. जानेवारी २०२४ मध्ये ह्यूस्टनने त्याच्याशी पाच वर्षांचा ९.५ कोटींचा करार केला. मिल्वॉकीसारख्या लहान बाजारपेठेच्या संघाला ही रक्कम झेपणारी नव्हती. विकणं बरोबरच होतं. माझ्या मते चुकला तो दिवस, आणि बदल्यात मागितलेला माल.

हंगामाच्या मध्यावर भाव चढा असतो हे खरं, पण तो लाभ शर्यतीत मागे पडलेल्या संघाने घ्यावा. २०१६ च्या जुलैत न्यूयॉर्क यँकीजने आपला क्लोजर अरोल्डिस चॅपमन शिकागो कब्जला दिला आणि इतरांबरोबर तरुण खेळाडू ग्लेबर टोरेस मिळवला. कब्जने १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद जिंकलं, आणि डिसेंबरात यँकीजने चॅपमनला पाच वर्षांसाठी परत घेतलं. दोघांचंही भलं झालं. आघाडीवरच्या संघाने मात्र त्याच चढ्या भावाच्या इनिंग स्वतःच्या हातून घालवलेल्या असतात. मिल्वॉकीने तर हेडरच्या बदल्यात घेतलेल्या चौघांपैकी पिचर डिनेल्सन लामेटला दोन दिवसांतच यादीतून काढलं. दुसरा पिचर टेलर रॉजर्स याचा करार हंगामाअखेर संपणार होता आणि पाड्रेसनेच त्याच्याकडून क्लोजरचं काम काढून घेतलं होतं. तरुण डावखुरा पिचर रॉबर्ट गॅसर २०२४ मध्ये आला, पाच सामने उत्तम टाकले आणि कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. सौदा तारला तो चौथ्याने, एस्तेउरी रुईझने, तोही स्वतः फारसा न खेळता: त्या डिसेंबरात तीन संघांच्या अदलाबदलीत त्याला ओकलंडला देऊन मिल्वॉकीने कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) विल्यम कॉन्ट्रेरास आणला. पुढच्या तिन्ही हंगामांत संघ गटात पहिला आला.

घेणाऱ्याच्या बाजूला दुसरी चूक झाली. २३ ऑक्टोबर २०२२, फिलाडेल्फिया. आठव्या इनिंगमध्ये पाड्रेसकडे एका धावेची आघाडी, समोर फलंदाज ब्राइस हार्पर, हंगाम पणाला. पिचर रॉबर्ट सुआरेझलाच ठेवलं गेलं, हेडर बुलपेनमध्येच राहिला. हार्परने दोन धावांचा होमरन मारला आणि पाड्रेस ४-३ ने बाहेर पडले. हेडरला आणायचा क्षण तोच होता. नवव्या इनिंगची वाट पाहायची असेल, तर क्लोजरसाठी चार खेळाडू मोजू नयेत.

मिल्वॉकीने यानंतर वेळ बदलली. हेडरनंतरचा क्लोजर डेव्हिन विल्यम्स याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं, तेव्हा त्यांनी त्याला विकलं, पण डिसेंबर २०२४ मध्ये, एकही सामना पणाला नसताना. यँकीजकडून नेस्टर कोर्टेस आणि केलेब डर्बिन आले. २०२५ मध्ये डर्बिन तिसऱ्या बेसवर नियमित खेळला, नववी इनिंग मुख्यतः बुलपेनमधल्याच ट्रेव्हर मेगिलने सांभाळली आणि संघाने ९७ सामने जिंकले.