बोवी आणि ओडन: पोर्टलंडच्या दोन निवडी, एकच चूक नव्हे

एनबीए ड्राफ्टचा, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधले संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याचा, विषय निघाला की पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सच्या दोन निवडी एका दमात सांगितल्या जातात. १९८४ मध्ये त्यांनी मायकेल जॉर्डनला सोडून सॅम बोवीला घेतलं, २००७ मध्ये केव्हिन ड्युरंटला सोडून ग्रेग ओडनला. दोन्ही वेळा सात फुटी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), दोन्ही वेळा त्याच्या पायांनी दगा दिला, आणि दोन्ही वेळा जो हातचा गेला त्याने पुढे गुणांच्या राशी ओतल्या. म्हणून सगळे म्हणतात, तीच चूक पुन्हा केली. तसं नाहीये. १९८४ ची निवड त्या दिवशी समोर असलेल्या माहितीवरसुद्धा चुकीची होती. २००७ ची निवड त्या दिवशी बरोबर होती, फळ वाईट मिळालं. कॉलेजमधल्या कोणत्या खेळाडूला घ्यावं यावर दर जूनमध्ये वाद रंगतात, त्यातले बरेचसे या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच भरकटतात.

आधी १९८४. पहिली निवड कुणाची हे ठरवायला तेव्हा लॉटरी (सोडत) नव्हती, पूर्व आणि पश्चिम विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणेफेक व्हायची. पूर्वेच्या तळाला इंडियाना पेसर्स होते, पण त्यांचा हक्क पोर्टलंडकडे होता, कारण १९८१ मध्ये टॉम ओवेन्स त्यांना देऊन पोर्टलंडने तो मिळवला होता. त्यामुळे ४८ सामने जिंकलेला, व्यवस्थित चाललेला संघ थेट दुसऱ्या क्रमांकाला निवड करायला बसला. नाणेफेक ह्यूस्टनने जिंकली आणि हकीम ओलाजुवॉनला घेतलं. त्यावर तेव्हाही वाद नव्हता, आजही नाही.

पोर्टलंडचा हिशेब असा होता. शूटिंग गार्डच्या, म्हणजे लांबून गुण करणाऱ्या खेळाडूच्या जागी (जॉर्डनचीही तीच जागा) जिम पॅक्सन होता, १९८३ आणि १९८४ असा सलग दोन वर्षं ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तमांत. त्याच्यामागे क्लाइड ड्रेक्सलर, आदल्याच वर्षी चौदाव्या क्रमांकावर घेतलेला. आणि ड्राफ्टच्या काही दिवस आधी किकी वँडवेघला आणण्यासाठी त्यांनी डेन्व्हरला तिघं दिले होते, त्यात वेन कूपर हा सेंटर गेला. म्हणजे गार्ड भरपूर, सेंटर तोकडे. म्हणून बोवी. याला म्हणतात गरज पाहून केलेली निवड.

हा हिशेब मांडताना तो जितका पटतो तितका तो फसवा असतो. संघाची गरज आजची असते आणि खेळाडू दहा वर्षांसाठी घ्यायचा असतो. पॅक्सन १९८८ मध्ये बॉस्टनला गेला. सेंटरची जागा शेवटी कुणी भरली? केव्हिन डकवर्थने. १९८६ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत, ३३ व्या क्रमांकावर सॅन अँटोनियोने निवडलेला हा खेळाडू त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलंडने वॉल्टर बेरी देऊन आणला. १९९० आणि १९९२ मध्ये पोर्टलंड अंतिम फेरीत पोचलं तेव्हा सेंटर तोच होता. ज्या जागेसाठी दुसऱ्या क्रमांकाची निवड खर्ची पडली, ती जागा एका साध्या अदलाबदलीत भरली गेली. १९९२ च्या त्या अंतिम फेरीत समोर शिकागो होतं, जॉर्डनचं.

गरजेच्या बाजूने एकच सबळ मुद्दा असतो: दोन खेळाडू गुणवत्तेत जवळजवळ सारखे असतील तर ज्याची जागा रिकामी आहे त्याला घ्यावं. बोवी आणि जॉर्डन सारखे होते का? बोवीच्या डाव्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडणारी बारीक भेग) झालं होतं आणि केंटकी या त्याच्या कॉलेजचे १९८१-८२ आणि १९८२-८३ हे दोन पूर्ण हंगाम त्यात गेले होते. परतल्यावर त्याची सरासरी होती १०.५ गुण. वय २३. जॉर्डन २१ वर्षांचा, कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचे नेस्मिथ आणि वूडन हे दोन्ही पुरस्कार त्याच वर्षी मिळवलेला. “तेव्हा कुणाला माहीत होतं” हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे. जॉर्डन एवढा मोठा होईल हे कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी बोवीपेक्षा तो चांगला खेळत होता, हे मात्र सगळ्यांना दिसत होतं.

पोर्टलंडने बोवीची कसून वैद्यकीय तपासणी केली होती, हेही खरं. नडगीवर हातोडीने ठोकल्यावर दुखत होतं, पण आपण काही जाणवत नाही असं सांगितलं, असं बोवीने २०१२ मध्ये कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन वर्षं खेळापासून दूर राहिलेला तरुण आणखी काय सांगणार? दोन गेलेले हंगाम हाच मोठा पुरावा होता, तो कुणी लपवला नव्हता. पोर्टलंडसाठी पाच वर्षांत बोवी १३९ सामने खेळला.

आता २००७. लॉटरीत पहिला क्रमांक मिळण्याची पोर्टलंडची शक्यता फक्त ५.३ टक्के होती, आणि तो मिळाला. ओहायो स्टेटचा ओडन आणि टेक्सासचा ड्युरंट दोघंही कॉलेजचं एकच वर्ष खेळलेले, दोघंही १९८८ साली जन्मलेले. संघाच्या गरजेने इथे काहीच ठरत नव्हतं, हे नीट पाहायला हवं. पॉवर फॉरवर्डला लामार्कस ऑल्ड्रिज होता, गार्डला ब्रँडन रॉय. सेंटर आणि स्मॉल फॉरवर्ड या दोन्ही जागांवर पक्कं कुणी नव्हतं. ओडनही बसत होता, ड्युरंटही. उरला प्रश्न एवढाच की जास्त मोलाचा कोण.

तेव्हाचं उत्तर समजून घ्यायला मागची नऊ वर्षं पाहावी लागतात. १९९९ ते २००७ या नऊ विजेतेपदांपैकी आठ टिम डंकन किंवा शकील ओनील यांच्या संघांनी जिंकली होती. अपवाद २००४ चं डेट्रॉइट. बास्केटखाली दोन्ही बाजूंनी राज्य करणारा मोठा खेळाडू असला तर विजेतेपद मिळतं, हे तेव्हाचं वास्तव होतं. आणि ओडन नेमका तसाच होता. उजव्या मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे तो हंगामात उशिरा उतरला, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका) डाव्या हाताने टाकत होता, तरी सामन्याला १५.७ गुण, ९.६ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), ३.३ ब्लॉक (समोरच्याचा फटका अडवणं). कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेत फ्लोरिडाविरुद्धच्या अंतिम सामन्यात २५ गुण आणि १२ रिबाउंड. संघ हरला, ओडन हरल्यासारखा खेळला नाही.

ड्युरंटचे आकडे याहून मोठे होते: २५.८ गुण, ११.१ रिबाउंड. पण कॉलेजचे आकडे तसेच्या तसे शेजारी ठेवले की फसगत होते. पहिली दुरुस्ती मिनिटांची. ओडन सामन्याला सुमारे २९ मिनिटं खेळत होता, ड्युरंट सुमारे ३६. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, म्हणून दोघांना ४० वर आणा. ओडन जवळपास २२ गुण आणि १३ रिबाउंडवर येतो, ड्युरंट जवळपास २९ आणि १२ वर. अंतर राहतं, पण दीडपटीहून जास्त दिसणारं गुणांचं अंतर बरंच आक्रसतं.

दुसरी दुरुस्ती अंतराची. ड्युरंट तीन गुणांच्या रेषेबाहेरून ४० टक्के टाकत होता, पण तेव्हा कॉलेजची रेषा १९ फूट ९ इंचांवर होती आणि एनबीएची वरच्या भागात २३ फूट ९ इंचांवर. चार फूट मागे सरकल्यावर काय होईल हे त्या ४० टक्क्यांवरून सांगता येत नाही. म्हणून जाणकार फ्री थ्रो पाहतात. ती रेषा दोन्हीकडे १५ फुटांवरच असते, अंगावर कुणी नसतं, दिसतो तो निव्वळ हात. ड्युरंट तिथे ८१.६ टक्के होता. तो हात एनबीएतही चालणार हे इथून कळत होतं.

हीच दुरुस्ती जॉर्डनला लावून बघा. १९८४ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये देशभर लागू असलेलं शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याचं बंधन) नव्हतं आणि तीन गुणांची रेषाही नव्हती. नॉर्थ कॅरोलायनासारखा संघ चेंडू वाटेल तितका वेळ फिरवू शके. त्या संथ खेळात त्याची १९.६ ची सरासरी वाचायची, आणि शेजारी ५५ टक्के अचूकता. गार्डसाठी ती विलक्षण आहे. एनबीएत पहिल्याच वर्षी तो २८.२ वर गेला.

ड्युरंटविरुद्ध एक खुळचट मुद्दा मात्र २००७ मध्ये फार चघळला गेला. ड्राफ्टपूर्व चाचण्यांत १८५ पौंडांचा, म्हणजे ८४ किलोंचा बार त्याला एकदाही उचलता आला नाही. पाठीवर झोपून बार ढकलण्याचा आणि सहा फूट नऊ इंचांच्या माणसाने हात उंचावून चेंडू सोडण्याचा संबंध काय? अठरा वर्षांच्या मुलाचं अंग पुढे भरतं. हातांची लांबी, चेंडू सोडण्याची उंची आणि पावलांची चपळाई याच गोष्टी पाहायच्या होत्या, आणि त्या उघड दिसत होत्या.

ओडनविरुद्धचा खरा मुद्दा यापेक्षा कमी बोलला गेला. तो २९ मिनिटंच का खेळत होता? फाउल. मार्च २००७ च्या स्पर्धेत झेवियरविरुद्ध तो पाच फाउल होऊन बाहेर गेला, जॉर्जटाउनविरुद्ध फाउलमुळे निम्मा सामना बाकावर बसला. म्हणजे ४० मिनिटांवर आणलेले त्याचे आकडे ज्या मिनिटांवर उभे आहेत, ती मिनिटं तो मैदानावर टिकेल का हाच प्रश्न होता. एनबीएत तेच झालं. २००९-१० मध्ये जेमतेम २४ मिनिटांत ११.१ गुण, ८.५ रिबाउंड, २.३ ब्लॉक, आणि चार फाउल.

त्या हंगामात तो २१ सामने खेळला. डिसेंबरात ह्यूस्टनविरुद्ध डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. त्याआधी, निवड होऊन अडीच महिने होतात तोच, सप्टेंबर २००७ मध्ये उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रिया झाली होती. कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडतात, मज्जेतून रक्त वर येतं आणि तिथे नवी, पण मूळच्यापेक्षा कमकुवत कूर्चा धरते. आमारे स्टोडमायर हा एनबीए खेळाडू यातून परतला होता, त्यामुळे आशा होती. पण ओडनचं वजन अडीचशे पौंडांच्या घरात, आणि खेळ उड्या मारण्याचा. पुढे तीच शस्त्रक्रिया डाव्या गुडघ्यावरही झाली. पोर्टलंडसाठी एकूण ८२ सामने, म्हणजे एका हंगामाएवढे.

बोवीचं दुखणं ड्राफ्टच्या आधीचं, दोन हंगाम गिळलेलं. ओडनच्या गुडघ्याचं निदान ड्राफ्टनंतरचं. पुढच्या वेळी “मोठा खेळाडू नको, पोर्टलंडचं काय झालं बघा” असं कुणी म्हणालं तर विचारावं, कोणतं पोर्टलंड? उमेदवाराच्या इतिहासात न खेळलेले हंगाम असतील तर १९८४ चा दाखला लागू पडतो. “आपल्याकडे गार्ड आहेत” या कारणाने चांगला गार्ड सोडला जात असेल तरी लागू पडतो. २००७ चा दाखला द्यायचा तर तो फाउलचा द्यावा, आणि उमेदवार कॉलेजात सामन्याला किती मिनिटं टिकला ते आधी काढून ठेवावं.