झीज आणि थकवा : रोलर कोस्टर नेमका कशाने म्हातारा होतो?

कोल्हापुरात मेरी वेदर मैदानावर पाळणे लागले, की "हा पाळणा किती वर्षांचा असेल हो?" असे कोणीतरी विचारतेच, आणि खोपोलीजवळच्या इमॅजिकाला निघालेल्या सहलीतले पालकही तिथल्या रोलर कोस्टरबद्दल हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर वर्षांत मागितले, की दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे झीज आणि दुसरी म्हणजे धातूचा थकवा, ज्याला वर्कशॉपमध्ये 'फटिग' म्हणतात. दोन्ही वापराने होतात आणि दोन्हींमुळे कधी ना कधी सुटा भाग बदलावा लागतो, म्हणून आपण दोन्हींना "जुने झाले" म्हणून मोकळे होतो. थीम पार्कने आपला कोस्टर किती काळ चालवावा, हे मात्र या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडल्याशिवाय ठरत नाही.

झीज डोळ्यांना दिसते आणि मापात पकडता येते. कोस्टरच्या डब्याला तीन प्रकारची चाके असतात : रुळावरून धावणारी, रुळाला बाजूने टेकणारी आणि डबा वर उचलला जाऊ नये म्हणून रुळाला खालून धरणारी. त्यांच्यावरचा पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचा थर घासतो, तापतो, कधी त्याचा टवका उडतो. जाडी ठरलेल्या मापाखाली गेली की चाक बदलायचे. ब्रेकचे पॅड, चढावरची साखळी, बेअरिंग यांचेही तसेच. झीज वाढताना बहुधा आवाज करते, डबा हादरू लागतो, प्रवासी मान धरून उतरतात, आणि दगा देण्याआधी ती पुरेशी कुरकुर करते.

लाकडी कोस्टर एवढे दीर्घायुषी का असतात, हे यावरूनच कळते. मेलबर्नच्या लूना पार्कमधली 'सीनिक रेल्वे' १९१२ ची आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा 'सायक्लोन' १९२७ चा. लाकडी मार्गात फळ्यांचे थर एकावर एक ठोकून वर पोलादी पट्टी बसवलेली असते, आणि सडलेल्या किंवा सैल झालेल्या फळ्या काढून सुतार त्या जागी नव्या घालतात. सांगाडा असा थोडा थोडा बदलत राहतो, त्यामुळे पाटीवर १९२७ लिहिलेले असले तरी प्रवाशाच्या खालचे लाकूड त्या सालातले असेलच असे नाही.

थकव्याची रीत निराळी आहे. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी मागेपुढे वाकवत राहिले की तुटते, आणि तुटेपर्यंत तिची जाडी काही कमी झालेली नसते. कोस्टरवर येणारा भार पोलादाच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी असतो. तरी तो प्रत्येक फेरीला येतो आणि जातो. एखाद्या वेल्डच्या कडेला, छिद्राच्या काठाशी किंवा ॲक्सलची, म्हणजे चाकांच्या आसाची, जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात सूक्ष्म तडा सुरू होतो, फेरीगणिक किंचित पुढे सरकतो, आणि उरलेल्या धातूला भार पेलवेनासा झाला की तो भाग एकाएकी मोडतो. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या ॲक्सलवर प्रयोग करून दाखवून दिले, की भार किती आहे याबरोबरच तो किती वेळा येतो हेही मोजावे लागते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मशीनिंग होऊन आलेला चकचकीत जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, हातात घेतला तर निर्दोष वाटतो. तोच चुंबकीय चाचणीच्या मशीनवर धरायचा, त्यात चुंबकत्व आणायचे, चमकणारी लोखंडी भुकटी मिसळलेले द्रावण त्यावर सोडायचे आणि पडदा ओढून अल्ट्राव्हायोलेट दिवा लावायचा. सदोष जॉबवर तड्याच्या जागी केसाएवढी हिरवट-पिवळी रेघ उजळते. त्या जागी नख फिरवले तरी काही लागत नाही. कोस्टरचे ॲक्सल आणि चाकांचे ब्रॅकेट तपासण्याची रीतही हीच आहे, फक्त त्यासाठी डबा पुरता खोलावा लागतो आणि अनेकदा रंगही काढावा लागतो. सुटीच्या तोंडावर केलेली ताजी रंगरंगोटी पाहून लोक निर्धास्त होतात, तेव्हा मला गंमत वाटते. रंगाच्या जाड थराखाली तडा उलट अधिकच लपतो.

वय किती फसवे असते, हे तीन घटनांवरून दिसेल. जपानमध्ये ओसाकाजवळच्या एक्स्पोलँड पार्कमध्ये ५ मे २००७ रोजी 'फूजिन राइजिन २' या कोस्टरचा ॲक्सल थकव्याने मोडला आणि एक तरुणी मृत्युमुखी पडली. कोस्टर १९९२ चा, म्हणजे पंधरा वर्षांचा होता, आणि तो ॲक्सल तेव्हापासून एकदाही बदललेला नव्हता. अमेरिकेतील कॅरोविंड्स पार्कचा 'फ्युरी ३२५' तर २०१५ चा. जून २०२३ मध्ये त्याच्या एका खांबाला आरपार तडा गेल्याचे खाली उभ्या असलेल्या एका पाहुण्याच्या लक्षात आले. त्याच महिन्यात स्टॉकहोमच्या ग्रोना लुंड पार्कमधील १९८८ च्या 'जेटलाइन'वर प्राणघातक अपघात झाला, पण तिथे मोडलेला चाकांचा आधार-दांडा जुना नव्हता, नव्याने बनवून बसवलेला होता, आणि त्याच्या निर्मितीतच दोष असल्याचे तपासात निघाले. वीस वर्षे झाली की कोस्टर मोडीत काढावा, अशी सरसकट अट अधूनमधून सुचवली जाते. ती 'सायक्लोन'ला घरी बसवील आणि आठ वर्षांच्या 'फ्युरी'ला बिनदिक्कत पास करील, म्हणून मला ती मान्य नाही.

मग मोजायचे काय? चाललेले तास. अमेरिकेच्या एएसटीएम या संस्थेच्या मानकानुसार पाळण्याचा आराखडा करताना थकव्यासाठी ३५,००० तासांच्या वापराचा हिशेब धरावा लागतो. ही मुदत संपण्याची तारीख नव्हे. आराखडा करणाऱ्याने किमान एवढ्या वापरापर्यंतची खात्री दाखवायची असते, आणि त्यापुढे चालवायचे असेल तर पुन्हा तपासणी व गणित करणे शहाणपणाचे ठरते. आता वर्षाला १३० दिवस, रोज दहा तास चालणाऱ्या थंड प्रदेशातल्या कोस्टरला हा आकडा गाठायला सुमारे २७ वर्षे लागतील. तोच कोस्टर आपल्याकडे ३६५ दिवस, रोज दहा तास चालवला तर दहा वर्षेही लागणार नाहीत. अमेरिकेच्या ऑरलँडोतील पार्क बारमाही चालतात, आणि तिथल्या १९९९ च्या 'इनक्रेडिबल हल्क'चा रूळ २०१५-१६ मध्ये बदलण्यात आला, ही गोष्ट या संदर्भात पाहण्यासारखी आहे.

आपल्याकडे त्यात पावसाची भर पडते. कोरड्या हवेत पोलादाला अशी एक मर्यादा मानता येते, जिच्याखालचा भार कितीही वेळा आला तरी तडा सुरू होत नाही. गंज लागू लागला की ती मर्यादा राहत नाही. घाटमाथ्यालगतच्या पावसात उभ्या असलेल्या कोस्टरला म्हणूनच परदेशी हंगामी पार्कचे वेळापत्रक जसेच्या तसे लावता येणार नाही. मैदानोमैदानी सुटे करून फिरवल्या जाणाऱ्या पाळण्यांना तर प्रत्येक जोडणीत पिना आणि बोल्टांचा वेगळा त्रास असतो.

कोस्टर बंद करण्याची इतर कारणे रोकड्या व्यवहाराची आहेत : सुटे भाग मिळेनासे होतात, दुरुस्तीचा खर्च तिकिटातून निघत नाही, लोकांना नवे हवे असते.

जुने कोस्टर एका पार्ककडून दुसऱ्याकडे विकलेही जातात. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या पार्कचा १९७५ चा 'कॉर्कस्क्रू' १९९० मध्ये आयडाहोतील सिल्व्हरवुड पार्कमध्ये सुरू झाला. अशा सौद्यात विकणाऱ्याने वर्षे सांगितली, तरी घेणाऱ्याने तास विचारावेत. तासांची वही नसेल, तर सांगितलेली सगळी वर्षे तो रोज पूर्णवेळ चालला असे धरून हिशेब करावा, आणि त्यात ३५,००० चा आकडा उलटलेला निघाला, तर रंग काढून महत्त्वाचा प्रत्येक वेल्ड तपासण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करावा.