बालगायकांची पुढची कारकीर्द (मराठवाडा)

लहानपणी किंवा ऐन किशोरवयात गाण्याने नाव कमावलेल्या मुलामुलींची मोठेपणीची वाटचाल : पार्श्वगायन, संगीतरचना, अभिनय, सूत्रसंचालन, गाण्याची शिकवणी, कीर्तनाची साथ, आणि कित्येकांच्या बाबतीत गाणे बाजूला ठेवून धरलेली नोकरी. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांत गाणाऱ्या पोरांची वानवा कधीच नव्हती. सप्ताहाचा मांडव, भीमजयंतीचे व्यासपीठ, गणपतीपुढचा कार्यक्रम आणि शाळेचे स्नेहसंमेलन एवढ्या जागा त्यांना पुरत. नाव व्हायचे ते मात्र पंचक्रोशीत, फार तर तालुक्यात. २००८ पासून हे चित्र पालटले.

त्या वर्षी झी मराठी वाहिनीवर ‘सा रे ग म प’ची ‘लिटिल चॅम्प्स’ ही लहान मुलांची स्पर्धा सुरू झाली. सूत्रसंचालन पल्लवी जोशी यांचे, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरी झाली तेव्हा पाच जण उरले होते : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत. विजेतेपद कार्तिकीला मिळाले, पण लक्षात पाचही जण राहिले. अभंग, नाट्यगीत, भावगीत हा महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय कानाला ओळखीचा ऐवज इतरांकडे भरपूर होता. रोहितचा ओढा चित्रपटातल्या जोशपूर्ण, पाश्चात्त्य वळणाच्या गाण्यांकडे. बाहेरच्यांना लातूर म्हटले की १९९३ चा भूकंप किंवा बारावीचा निकाल आठवायचा. मायक्रोफोन हातात घेऊन रंगमंचभर फिरणारा मुलगा तिथून येईल, असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मराठवाड्यात त्याच्यासाठी एसएमएस करणाऱ्यांत गाण्याचे दर्दी किती आणि ‘आपला माणूस’ म्हणून मत देणारे किती, हा हिशेब न मांडलेलाच बरा.

पुढच्या वाटचालीचा नमुना म्हणून हेच उदाहरण घेता येते. रोहितने पार्श्वगायन आणि रंगमंचीय कार्यक्रम चालू ठेवले आणि २०१९ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात तो पुन्हा स्पर्धक म्हणून उतरला. फेब्रुवारी २०२० च्या अंतिम फेरीत भटिंड्याचा सनी हिंदुस्थानी जिंकला, रोहित पहिला उपविजेता ठरला. मराठीत दहा वर्षे माहीत असलेल्या गायकाला हिंदीच्या दारात पहिलीपासून सुरुवात करावी लागली. त्या पर्वाचा सूत्रसंचालक आदित्य नारायण हाही एके काळचा बालगायकच. लहानपणी हिंदी चित्रपटांत गायलेला हा मुलगा २०१० मध्ये ‘शापित’चा नायक झाला, पण त्याचा जम बसला तो सूत्रसंचालनात. २०२१ मध्ये मराठी ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा भरले तेव्हा पूर्वीचे पाचही स्पर्धक परीक्षकांच्या खुर्चीत होते. वय, भाषा आणि वाहिनी यांना बांधलेली पहिली लोकप्रियता पुढच्या टप्प्यावर आपोआप हाताशी येत नाही. ती दर वेळी नव्याने कमवावी लागते, असाच या सगळ्याचा अर्थ निघतो.

मधली वर्षे हाच खरा घाट. मुलांचा आवाज साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी फुटतो. स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचा आवाजही उतरतो, पण दोन-तीन स्वरांनीच. ऐकणाऱ्याला ते जाणवतही नाही. गावाकडे ही गोष्ट पेटीवाल्याला सगळ्यांत आधी कळते. परवापर्यंत काळी पाच या चढ्या पट्टीत (पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या कळीवर सा धरायचा ती) तार षड्ज, म्हणजे वरचा सा, सहज लावणारा पोरगा गवळणीच्या आधी वाकून कानाशी म्हणतो, ‘‘दादा, आज जरा उतरून घ्या.’’ दादा काळी चार धरतात. पुढच्या कार्यक्रमाला काळी तीन. मग असे काही महिने येतात की कोणतीच पट्टी जमत नाही : वर जावे तर आवाज चिरकतो आणि खाली यावे तर टाळांच्या गजरात तो बुडून जातो. शेवटी मुलगा टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहतो आणि पुढे दुसरे कोणी पोर येते. काळी एक किंवा दोनमध्ये आवाज स्थिरावेपर्यंत दोन वर्षे जातात, आणि तोवर त्याला गायक म्हणून बोलावणारे लोक त्याचे नाव विसरलेले असतात.

जाणते गुरू या काळात कार्यक्रम बंद करून मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला हलका रियाज आणि तालाचे शिक्षण यांवर भर देतात. ज्याने सुपारी घेतलेली असते तो मात्र मुलाला जुन्याच पट्टीत ओढतो. ताणून गाण्याने स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज घोगरा होतो. टीव्हीमुळे हा धोका वाढला, कारण लोकांना मुलाचा तोच जुना आवाज, तेच गाजलेले गाणे हवे असते. नवा आवाज ऐकायची तयारी फार थोड्यांची.

याच वयात दुसरा अडथळा येतो तो दहावीचा. ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला तो दहावी-बारावीच्या निकालांमुळे आणि वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या प्रवेशांमुळे. नांदेडनेही पुढे शिकवणीवर्गांचे मोठे केंद्र म्हणून नाव मिळवले. अशा शहरांत नववीच्या उन्हाळ्यात तानपुरा माळ्यावर जातो आणि कोणालाच त्यात वावगे वाटत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना मुले मोठ्या संख्येने बसतात. मध्यमाच्या पुढे विशारदपर्यंत टिकणारी थोडी. शास्त्रीय कला आणि लोककला यांतल्या प्रावीण्याबद्दल दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून गाण्याच्या वर्गांना गर्दी झाली हे खरे, पण तिथे कित्येकांची नजर रागावर नसते, टक्क्यावर असते. गुण मिळाले की वर्ग सुटला.

टीव्हीशिवायची उत्तर कारकीर्द मात्र मराठवाड्यात पूर्वीपासून आहे आणि ती जास्त टिकाऊ आहे. पैठणला एकनाथ, नरसीला नामदेव, गंगाखेडला जनाबाई, तेरला गोरोबा आणि आंबेजोगाईला मुकुंदराज अशी संतांची गावे असलेल्या या प्रदेशात अखंड हरिनाम सप्ताह गावोगाव बसतो. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण आणि गाथेचे भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. सातव्या दिवसानंतर काल्याचे कीर्तन. या एवढ्या रगाड्यात गाणाऱ्याला काम भरपूर असते. बीड, परभणी, हिंगोलीकडची मुले आळंदीला वारकरी शिक्षणासाठी जातात. जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था त्यांतली सर्वांत नावाजलेली. आवाज फुटल्यावर बालकीर्तनकाराचे कौतुक ओसरते, पण त्याला तिथे दुसरी जागा मिळते : चालीवर गाणारा गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी किंवा पुढे स्वतः कीर्तनकार. बिदागी ठरलेली असते, साल उलटले की त्याच गावाचे पुन्हा आमंत्रण येते. वय वाढले तर मान वाढतो. टीव्हीत नेमके याच्या उलट घडते.

भीमगीतांच्या गायनपार्ट्यांतही असाच क्रम दिसतो. घरातले पोर आधी कोरसात बसते, मग ढोलकी किंवा बेंजो हाती येतो आणि आवाज बसला की मध्यभागी उभे राहायला मिळते. १४ एप्रिलपासून मे अखेरपर्यंत या पार्ट्यांना उसंत नसते. १४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव मिळाल्याच्या नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो जनसागर लोटतो, तिथे गाणी आणि पुस्तके यांचीच बाजारपेठ असते. कव्वालीच्या मुकाबल्याचा ढंग या गायकीत मुरला आहे. आवाज खणखणीत लागतो, घासलेला असला तरी चालतो. आवाज फुटलेल्या मुलाला इथे त्याचा तोटा होत नाही, उलट कधी फायदाच होतो. एकतारीवर गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलवरच्या चित्रफितींमुळे राज्यभर पोचल्या त्या प्रौढपणी. प्रसिद्धी लहानपणीच गाठावी लागते या समजुतीला त्यांच्या उदाहरणाने चांगलाच छेद दिला.

आकाशवाणीची वाट यापेक्षा संथ. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड या केंद्रांवर मुलांच्या कार्यक्रमात गायलेले पोर पुढे ‘युववाणी’त आणि मग स्वरचाचणी देऊन श्रेणीप्राप्त कलाकार असे वर चढत असे. त्यात झगमगाट नव्हता, पण प्रौढ आवाज पारखूनच श्रेणी मिळायची. पं. नाथराव नेरळकरांसारख्या गुरूंनी नांदेड-औरंगाबादकडे जी पिढी घडवली, ती याच शिस्तीतली.

गाण्याकडून अभिनयाकडे जाणे मराठीत नवे नाही. संगीत नाटकाच्या काळात गाता गळा हीच नट होण्याची पहिली अट होती. टीव्हीच्या काळात ही वाट मुलींना अधिक मोकळी झाली. २००८ च्याच स्पर्धेत गायलेली केतकी माटेगावकर ‘शाळा’ आणि २०१४ च्या ‘टाइमपास’मध्ये नायिका झाली आणि त्यांपैकी ‘टाइमपास’साठी ती गायलीही. आर्या आंबेकर २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मध्ये अभिनेत्री म्हणून आली आणि नंतर पुन्हा गाण्याकडेच वळली. दोघींचा जन्म नागपूरचा, वाढ पुण्याची. पुण्यात राहून शाळा, गुरू, ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण एका दिवसात गाठता येते. परभणीच्या मुलीला त्यासाठी रात्रीची गाडी, सोबत घरातले माणूस आणि मुक्कामाची सोय लागते; त्यात रात्रीच्या कार्यक्रमांबद्दलची कुजबुज आणि लवकर होणारी लग्ने. मराठवाड्यातून आलेल्या गाणाऱ्या मुली पडद्यावर क्वचित दिसतात याचे कारण गळ्यात शोधण्यात अर्थ नाही.

या भागातून नट-दिग्दर्शक मात्र पुष्कळ आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रे, युवक महोत्सवातली एकांकिका आणि पथनाट्ये यांतून ते घडले. औरंगाबादेत सुरू झालेल्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतून चंद्रकांत कुलकर्णी आणि प्रशांत दळवी मुंबईला पोचले. मकरंद अनासपुरे बीडकडचा हेल घेऊनच पडद्यावर आले आणि तोच त्यांचा हुकमी पत्ता ठरला. इथे गायक आणि नट यांची गणिते वेगळी पडतात. नटाची मराठवाडी बोली हे त्याचे भांडवल होऊ शकते. गायकाला पहिल्याच दिवशी ‘न’ आणि ‘ण’, ‘स’ आणि ‘श’ घासूनपुसून घ्यावे लागतात. परीक्षक सुराच्या आधी उच्चारावर बोट ठेवतात. नटाला आपले गाव बरोबर नेता येते, गायकाला ते बरेचसे मागे ठेवावे लागते. युवक महोत्सवात सुगम गायन आणि एकांकिका एकाच मांडवात होत असूनही दोन्हींत नाव काढणारा कलाकार विरळा, त्यामागे हेही एक कारण दिसते.

पैशाची बाजू अवघड आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि मुलांना कलाकार म्हणून काम करण्याची सवलत काही अटींवर मिळाली. २०१७ च्या नियमांनुसार मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि मिळकतीतला किमान २० टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. या कायद्याच्या लेखी बालक म्हणजे १४ वर्षांखालचे. आवाज फुटण्याच्या, दहावीच्या आणि सर्वाधिक कार्यक्रम मिळण्याच्या नेमक्या वयात मूल या अटींच्या बाहेर पडते. जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात तर नियमांचे नावही निघत नाही. नारळ, शाल आणि पाकीट वडिलांच्या हाती दिले की व्यवहार संपतो.

स्पर्धेत गाजलेले गाणे बहुतेक वेळा दुसऱ्याचे असते. त्याची चाल, शब्द आणि मूळ ध्वनिमुद्रण यांचे हक्क इतरांकडे, त्यामुळे चित्रफीत लाखोंनी पाहिली तरी मुलाच्या हाती काही पडेलच असे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गायकाला स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) वाटा मिळाला, पण तो लागू होण्यासाठी गाणे मुळात त्याच्या आवाजात आलेले असावे लागते. त्यामुळे विशीत पोचलेले शहाणे बालगायक स्वतःच्या चाली बांधू लागतात आणि लॅपटॉप, साउंड कार्ड, एक बरा माइक एवढ्यावर घरच्या खोलीत ध्वनिमुद्रण शिकून घेतात. लातूर-नांदेडसारख्या शहरांत अशा खोल्यांमधून लग्नाची गाणी, निवडणुकीचे प्रचारगीत, गावच्या देवीची आरती आणि एखाद्या आमदाराच्या वाढदिवसाचे गाणे तयार होते. यांतल्या कशावरही पुरस्कार मिळत नाही. महिन्याचे भाडे मात्र निघते.