डिजिटल स्टिकी नोट्स

संगणकाच्या पडद्यावर छोट्या रंगीत चिठ्ठ्या उघड्या ठेवू देणारे सॉफ्टवेअर. रंगरूप कागदी चिकट चिठ्ठीवरून घेतलेले. लावला तरी सहज निघणारा तो गोंद थ्रीएम कंपनीतले रसायनतज्ज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ साली गवसला. तो कागदाला लावून खूणचिठ्ठ्या करण्याची कल्पना त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांची. ‘पोस्ट-इट’ या नावाने या चिठ्ठ्या १९८० मध्ये अमेरिकेत सर्वत्र विकायला आल्या. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकांत ‘स्टिकीज’ हे ॲप १९९४ च्या सिस्टिम ७.५ बरोबर आले आणि आजही मॅकवर ते मिळते. विंडोज ७ मध्ये (२००९) ‘स्टिकी नोट्स’ आयतेच असे. लिनक्सवर के-नोट्स, एक्सपॅड यांसारखे पर्याय आहेत.

वापर अगदी सोपा. ॲप उघडायचे, टाइप करायचे; ‘सेव्ह’ करावे लागत नाही, मजकूर आपोआप जपला जातो. विंडोजवर कंट्रोल आणि एन दाबले की नवी चिठ्ठी येते, कंट्रोल आणि टी दाबले की निवडलेल्या ओळीवर काट मारली जाते. झालेले काम पुसण्यापेक्षा असे खोडणे बरे, कारण काय उरकले तेही दिसत राहते. मॅकवर चिठ्ठी बाकी सगळ्या खिडक्यांच्या वर तरंगती ठेवता येते आणि मथळ्याच्या पट्टीवर डबल क्लिक केले की ती गुंडाळून एका ओळीएवढी होते. फोनवर बोलताना समोरच्याने सांगितलेला नंबर, दुपारी कुणाला पाठवायची फाइल, अर्धवट सोडलेल्या कामाची पुढची पायरी, अशा गोष्टींसाठी ही चिठ्ठी उत्तम. तिचे सगळे बळ डोळ्यांसमोर असण्यात आहे. म्हणूनच पडदाभर चिठ्ठ्या झाल्या की एकही वाचली जात नाही, आणि लांबलचक टिपणांसाठी साधी फाइलच योग्य.

बंद करणे आणि काढून टाकणे यांतला फरक मात्र नीट समजून घ्यावा. मजकूर हरवतो तो बहुधा इथेच. विंडोज ७ मध्ये कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केले की चिठ्ठी कायमची जाण्याच्या मार्गाला लागे. विंडोजच्या ‘स्टिकी नोट्स’च्या २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व चिठ्ठ्यांची यादी मिळाली. तेव्हापासून फुलीने फक्त खिडकी मिटते, चिठ्ठी यादीत राहते आणि शोधूनही काढता येते. त्याच आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यास चिठ्ठ्या दुसऱ्या संगणकावरही दिसू लागल्या.

साइन इन केलेले नसेल, तर सगळा मजकूर त्या एकाच संगणकावर असतो. विंडोज ७ मध्ये तो ‘स्टिकीनोट्स.एसएनटी’ या फाइलमध्ये असे, विंडोज १० मध्ये ‘प्लम.एसक्यूलाइट’ या डेटाबेस फाइलमध्ये असतो. डिस्क फॉरमॅट करण्याआधी लोक कागदपत्रे आणि फोटो आठवणीने कॉपी करतात, पण ही फाइल वापरकर्त्याच्या लपलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असल्याने मागे राहून जाते. तिची प्रत आधीच काढून ठेवावी. पासवर्ड मात्र या चिठ्ठ्यांत कधीही लिहू नयेत: फाइलमधला मजकूर सांकेतिक केलेला नसतो, आणि ऑनलाइन बैठकीत पडदा शेअर केला की उघडी चिठ्ठी सगळ्यांना वाचता येते.