टायर बसणे आणि टायरला जागा असणे

माउंटन बाइकची फ्रेम घेताना विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: 'हिच्यात किती रुंदीचा टायर बसतो?' दुकानदार 'दोन पॉइंट चार', म्हणजे २.४ इंच, असे सांगतो, विचारणाऱ्याचे समाधान होते आणि पैसे मोजले जातात. परभणी, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर या भागातल्या सायकलस्वारांबरोबर फ्रेम पाहायला जाताना हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातला घोळ एकदा सविस्तर मांडणे मला भाग वाटते. टायर फ्रेममध्ये बसणे ही एक गोष्ट आहे, आणि बसलेल्या टायरभोवती फिरायला मोकळी जागा उरणे, म्हणजे ज्याला क्लिअरन्स म्हणतात ते, ही दुसरी गोष्ट आहे. पहिली कळली की दुसरी आपोआप कळली असे धरून चालण्याची सवय लागली आहे, आणि घोडे पेंड खाते ते इथेच.

टायरच्या आकड्यांविषयी फार लिहीत नाही, कारण ते बहुतेकांना पाठ असतात. टायरच्या कडेवर ५७-६२२ असे छापलेले असेल तर टायरची रुंदी ५७ मिमी, म्हणजे सुमारे २.२५ इंच, आणि तो ६२२ मिमी व्यासाच्या, म्हणजे ज्याला आपण २९ म्हणतो त्या रिमवर बसतो, २७.५ साठी तोच आकडा ५८४ आणि जुन्या २६ साठी ५५९ असतो. 'माझी सायकल २९ ची आहे, त्यामुळे जागा भरपूर असणार' हे विधान मात्र सोडून द्यावे. चाकाचा व्यास आणि टायरची रुंदी यांचा एकमेकांशी संबंध नाही. उलट चेनस्टेची, म्हणजे पॅडलच्या धुरीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या नळीची, लांबी तीच ठेवून चाक मोठे केले तर टायर बॉटम ब्रॅकेटच्या (बीबीच्या), म्हणजे पॅडलच्या धुरीच्या घराच्या, अधिक जवळ येतो आणि जागा आणखी आकसते.

आता खरी मेख. फ्रेमच्या माहितीपत्रकात 'टायर क्लिअरन्स २९ × २.४' असे छापलेले असते. नाव क्लिअरन्सचे आणि आकडा टायरचा, त्यामुळे वाचणाऱ्याची दिशाभूल तिथूनच सुरू होते. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की कंपनीने २.४ इंचांपर्यंतचा टायर या फ्रेममध्ये चालेल असे म्हटले आहे. टायर बसल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना किती मिलिमीटर उरतात, हे त्यात कुठेही नसते. आयएसओ ४२१० या सुरक्षा मानकाने माउंटन बाइकमध्ये टायर आणि फ्रेम यांच्यात किमान ६ मिमी अंतर सांगितले आहे. एक कंपनी एवढेच अंतर धरून २.४ छापते, दुसरी हात राखून त्याहून जास्त जागा ठेवते आणि तरीही २.४ च छापते. दोन फ्रेमवर एकच आकडा आहे म्हणून दोन्ही सारख्याच मोकळ्या आहेत, असे समजणे चूक आहे.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, टायर जिथे सर्वांत रुंद असतो त्या ठिकाणी दोन्ही चेनस्टेंच्या आतल्या बाजूंमधले अंतर ७४ मिमी आहे. २.४ चा टायर ६१ मिमीचा धरला, तर उरलेले १३ मिमी दोन बाजूंना वाटले जाऊन प्रत्येकी साडेसहा मिलिमीटर मिळतात. त्याच फ्रेममध्ये ५७ मिमीचा टायर चढवला तर प्रत्येक बाजूला साडेआठ मिलिमीटर उरतात. टायरच्या रुंदीत पडलेला फरक शंभरात सातसुद्धा नाही, पण मोकळी जागा शंभरात तीसने वाढली. माणसे टायरच्या आकड्याकडे पाहतात आणि 'पाव इंचाचाही फरक नाही' असे म्हणतात. उरलेल्या जागेकडे पाहिले तर तोच फरक निर्णायक ठरतो.

त्यातच छापलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी एक नसते. अरुंद जुन्या रिमवरून काढलेला टायर आतून १० मिमी अधिक रुंद असलेल्या रिमवर चढवला, तर तो साधारण ४ मिमी फुगतो, म्हणजे वरच्या उदाहरणात मिळवलेले सगळे परत गेले. नवा टायर हवा भरून काही दिवस ठेवला की आणखी थोडा पसरतो. काही टायरांच्या कडेची नक्षी, म्हणजे बाजूचे गोटे, मधल्या पोटापेक्षाही बाहेर आलेले असतात, आणि चेनस्टेला घासतात ते हेच गोटे. चाक दोन मिलिमीटर आउट असेल, म्हणजे फिरताना बाजूला डुलत असेल, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांमधून ते तसे होतेच, तर एका बाजूची एक तृतीयांश जागा त्यातच जाते. म्हणून टायरवरचा आकडा ही खरेदीची सुरुवात समजावी. अखेरचे माप चढवलेल्या आणि हवा भरलेल्या टायरचे घ्यावे.

मराठवाड्यात हा विषय एवढ्या आग्रहाने मांडण्याचे कारण इथली जमीन. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीत पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती हाताला सुटत नाही. गोदावरीच्या काठच्या खोल काळ्या रानात तर ती विशेष जाड असते. जमिनीला वापसा येण्याआधी, म्हणजे वरचे पाणी हटलेले पण माती अजून ओलसर असताना, ती सर्वांत जास्त चिकटते. पातळ चिखल टायरवरून निथळून जातो. हा चिखल मात्र थरावर थर चढवत टायरबरोबर फिरतो आणि फ्रेमला जिथे सर्वांत कमी जागा आहे तिथे अडकून बसतो. एकदा थर अडकला की मागून येणारी माती त्यावर दाबली जाते आणि चाक जाम होते.

एका ऑगस्टमध्ये परभणीहून गंगाखेडच्या दिशेने कापसाच्या रानांमधल्या पाणंदीने जाताना मला हे नीट कळले. फ्रेम नवी होती, टायर २.३५ चा होता आणि विकणाऱ्याने '२.४ पर्यंत काही चिंता नाही' असे सांगितले होते. पाव किलोमीटरही झाले नसेल तोच मागचे चाक फिरेनासे झाले. सायकल उलटी करून पाहिले तर बीबीच्या मागे, दोन चेनस्टेंना जोडणाऱ्या आडव्या पट्टीशी, मातीचा विटेएवढा घट्ट गोळा बसला होता. धुऱ्यावर रचलेल्या तुराट्यांमधली एक घेऊन मी तो उकरला, दहा पावले गेलो, पुन्हा उकरला, आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन डांबरी सडकेपर्यंत चालत आलो. घरी धुतल्यावर दिसले की दोन्ही चेनस्टेंच्या आतल्या बाजूचा रंग टायरच्या आकारात खरवडला गेला होता आणि खालचे ॲल्युमिनियम चकाकत होते. मातीतले बारीक खडे टायरबरोबर फिरत फ्रेमला पॉलिश कागदासारखे घासतात. कार्बनच्या फ्रेमला याहून जास्त धोका असतो, कारण तिथे रंगाच्या खाली भार पेलणारे तंतूच झिजू लागतात.

टायर बसत होता, यात दुकानदाराचे काही खोटे नव्हते. मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

योग्य प्रश्न विचारायला फार साधने लागत नाहीत. ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी चाव्यांचा, साधा संच खिशात ठेवावा. हवा भरलेल्या टायरची कड आणि चेनस्टे यांच्यामध्ये ६ मिमीची की आडवी धरून सरकवावी आणि चाक सावकाश पूर्ण फिरवावे. की कुठेही न अडकता राहिली तर किमान ६ मिमी आहेत. मग ८ ची, मग १० ची. अशी तपासणी चेनस्टेच्या दोन्ही बाजूंना, बीबीच्या मागच्या पट्टीशी, सीट ट्यूबशी, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीशी, आणि वर सीटस्टेच्या, म्हणजे सीटकडून मागच्या आसाकडे उतरणाऱ्या नळ्यांच्या, जोडाशी करावी. 'अंगठा जातो ना, मग झाले' ही तपासणी मला मुळीच मान्य नाही, कारण अंगठा दाबला जातो आणि फ्रेम दाबली जात नाही. मागचा एक्सल पुढेमागे सरकवता येणारी फ्रेम असेल तर तो सर्वांत पुढे आणून मोजावे. फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेही शॉक असलेली फ्रेम, असेल तर शॉकमधली हवा सोडून चाक पूर्ण वर येईपर्यंत दाबून पाहावे.

पुढच्या चिमट्याकडे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्ककडे, पाहून निर्णय घेऊ नये. तिथे चेन नाही, क्रँक (पॅडलचा दांडा) नाही, म्हणून जागा नेहमी मोकळी दिसते, आणि चिमटा उद्या बदलताही येतो. बीबीच्या मागे मात्र टायर, चेनरिंग (पुढचे दातेरी चक्र) आणि क्रँक यांची एकाच बोटभर जागेसाठी ओढाताण चाललेली असते आणि चेनस्टेची नळी त्यांच्यामधूनच न्यावी लागते. मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १४२ वरून १४८ मिमी करून चेनलाइन (चेनची रेषा) बाहेर सरकवणारे बूस्ट माप आले, त्यामागे मोठ्या चाकाला मजबुती आणि या ठिकाणी मोकळीक देणे हाच हेतू होता. टायर, रिम, चिमटा, ब्रेक हे सगळे पुढे बदलता येते. चेनस्टेंमधले अंतर फ्रेम घेतली त्या दिवशी कायमचे ठरते. चेनस्टे ठोकून किंवा कानशीने घासून जागा करून देणारे कारागीर मी पाहिले आहेत. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रकार कधीही करू देऊ नये. पातळ केलेली किंवा चेपलेली नळी ताण सोसत नाही आणि चिरते.

माझे मत स्पष्ट आहे. जो टायर वापरायचा आहे, त्याहून किमान एक माप मोठा टायर कंपनीने मान्य केलेली फ्रेम घ्यावी आणि मोठा टायर चढवण्याचा मोह टाळावा. काळ्या मातीत फिरणाऱ्याने प्रत्येक बाजूला ८ ते १० मिमी असल्याशिवाय फ्रेम पसंत करू नये. म्हैसमाळ, खुलताबाद किंवा बालाघाटच्या मुरमाड उतारांवरच जो सायकल चालवतो, त्याला ६ मिमी पुरतात, कारण मुरूम चिकटत नाही. काट्यांसाठी म्हणून रुंद टायर घेण्याचा सल्ला ऐकू नये. बाभळीचा काटा २.६ च्या टायरमध्येही तेवढ्याच सहज शिरतो, त्यावर उपाय ट्यूबलेस (ट्यूबशिवायचा टायर) आणि आतले भोक बुजवणारे सीलंट हा आहे.

जुनी फ्रेम घेत असाल तर किमतीची बोलणी करण्याआधी मागचे चाक काढायला लावावे आणि चेनस्टेच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवावे. रंग उडून धातूला खोबण पडली असेल तर ती फ्रेम तिच्या टायरला अरुंद पडत होती हे उघड आहे, आणि खोबण नखाला लागत असेल तर ती घेऊच नये. अडचणीची फ्रेम आधीच घरात असेल त्यांनी मृगाआधी मागचा टायर २.१ चा, मोकळ्या नक्षीचा बसवावा, चाकाचा आउट काढून घ्यावा, चेनस्टेच्या आतून जाड संरक्षक पट्टी चिकटवावी, आणि पाऊस उघडल्यावर रानाला वापसा येईपर्यंत पाणंदीऐवजी सडकेने जावे.