आयपीस बदलण्याआधी ऑब्जेक्टिव्हवरचा दुसरा आकडा वाचा

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खारफुटीतला चिमूटभर चिखल पाण्यात कालवून स्लाइडवर घेतला, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यात डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेली एकपेशीय शैवले, सापडतातच. त्यांतला प्लुरोसिग्मा लांबट, किंचित वळलेला असतो. त्याच्या सिलिकाच्या कवचावर ठिपक्यांच्या रांगा असतात. प्लुरोसिग्मा अँग्युलेटम या जातीत दोन रांगांमधले अंतर साधारण अर्धा मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणूनच भिंगांची परीक्षा घ्यायला ही जात एकोणिसाव्या शतकापासून वापरली जाते.

४० पटींच्या ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याजवळच्या भिंगाखाली) रांगा दिसल्या नाहीत, तर १० पटींचा आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) काढून २५ पटींचा लावण्याचा मोह होतो. डायटम मोठा होतो, धूसर होतो, रांगा मात्र दिसत नाहीत.

ऑब्जेक्टिव्हवर ४०/०.६५ असे कोरलेले असते. ४० हे वर्धन. ०.६५ हे न्यूमेरिकल अपर्चर, थोडक्यात एनए: भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचे माप. तपशील यावरच ठरतो. तरंगलांबीला ०.६१ ने गुणून एनएने भागले, की दोन बिंदू वेगळे दिसायला लागणारे किमान अंतर मिळते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली तर उत्तर येते ०.५२ मायक्रॉन. म्हणजे त्या रांगा या भिंगाच्या क्षमतेच्या अगदी काठावर आहेत. ऑब्जेक्टिव्हने जे वेगळे केले नाही, ते कुठलाही आयपीस वेगळे करू शकत नाही.

एकूण वर्धन, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस यांच्या वर्धनांचा गुणाकार, एनएच्या ५०० ते १००० पट असावे. ४०/०.६५ साठी ही मर्यादा ३२५ ते ६५०. १० चा आयपीस ४०० देतो, १५ चा ६००, दोन्ही चालतात. २५ चा १००० देतो, ते पोकळ वर्धन: प्रतिमा मोठी, नवा तपशील नाही. स्लाइडवर तेलाचा थेंब घालून वापरायच्या १००/१.२५ ला १० चाच आयपीस योग्य. १५ ने १५०० होतात, मर्यादा १२५० ची. १५ चा खरा उपयोग खालच्या टोकाला आहे: ४/०.१० ला किमान ५० हवेत, तिथे १० चा आयपीस ४० वरच थांबतो.

आयपीसची एकच जोडी घ्यायची तर १० पटींची, रुंद क्षेत्राची घ्या. आयपीसवर १०/१८ लिहिले असेल तर १८ ला (आयपीसच्या दृश्य क्षेत्राचा मिलिमीटरमधला व्यास) ऑब्जेक्टिव्हच्या वर्धनाने भागा: ४० खाली ०.४५ मिलिमीटरचा वर्तुळाकार भाग दिसेल. उरलेले पैसे चांगल्या ऑब्जेक्टिव्हवर खर्च करा. मात्र १६० (नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) कोरलेल्या जुन्या नळीच्या सूक्ष्मदर्शकावर अनंताचे चिन्ह (∞) असलेले, म्हणजे वेगळ्या रचनेच्या नळीसाठीचे, ऑब्जेक्टिव्ह लावू नका.

कोरलेला एनए पूर्ण मिळतोच असे नाही. कंडेन्सरची (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची) आयरिस, म्हणजे लहानमोठी होणारी झडप, फार मिटली, की रेषा ठसठशीत होतात आणि बारकावे हरवतात. आयपीस काढून नळीत पाहा. उजळ वर्तुळाचा तीन चतुर्थांश व्यास उघडा ठेवा. कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच, ०.१७ मिलिमीटर जाडीचीच हवी. चिखलातला वाळूचा एक कणही ती उचलून धरतो, मग खाली पाण्याचा जाड थर राहतो आणि ४० पटींना प्रतिमा दुधाळ दिसते. थेंब लहान घ्या, कडेचे पाणी टिपकागदाने शोषा. खारे पाणी भिंगाला लागलेच, तर आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलावलेल्या लेन्सपेपरने पुसा. सुकलेल्या मिठाचे कण घासले तर ओरखडे पडतात.

गोव्याच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते आणि तिचे धागे प्रकाश विखुरतात. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारे जेल घेतले, तर ते पुन्हा कधी तापवून सुकवायचे हे बाहेरूनच कळते.