उन्हात वाचता येणारा कमी विजेचा डिस्प्ले : निवडीमागची पार्श्वभूमी

स्लीप मोडमधला मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप) आज एक-दोन मायक्रोअँपिअरवर राहतो. त्यामुळे रेडिओ (वायरलेस संपर्काचा भाग) नसलेल्या प्रकल्पात बॅटरी किती टिकणार, हे बहुतेक वेळा डिस्प्लेच ठरवतो.

कमी वीज आणि उन्हात वाचता येणं, दोन्ही एकत्र साधण्याचा पेच जुनाच आहे. १९७०च्या दशकातल्या एलईडी घड्याळांत बटण दाबल्यावरच लाल आकडे उजळत आणि भर उन्हात तेही धड दिसत नसत. परावर्तक एलसीडी स्वतः उजळत नाही, अंगावर पडलेलाच प्रकाश परत पाठवते; ऊन वाढलं की वाचणं सोपं होतं. पण त्यात ठरावीक आकडे आणि चिन्हंच असत. इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी मंडळींना परवडेल असा ग्राफिक डिस्प्ले मिळाला तो १९९८च्या नोकिया ५११० मोबाइलमधला. ८४ बाय ४८ ठिपके, आणि बॅकलाइट बंद ठेवला तर खर्च काही शे मायक्रोअँपिअर.

पुढे ०.९६ इंची ओएलईडीने (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) त्याची जागा घेतली, आणि या बाबतीत हौशी जग मागे गेलं. पडदा भरलेला असेल तर तो १५-२० मिलिअँपिअर सहज घेतो. १००० एमएएचची बॅटरी तीन दिवसही पुरत नाही, आणि सायकलच्या हँडलवर दुपारी अक्षरं पुसट होतात.

आजचा गोंधळ मात्र ‘ई-पेपर’वरून आहे. २००४ साली जपानमध्ये आणि २००७ साली अमेरिकेत आलेल्या ई-बुक रीडरांमुळे या नावाचा एक अर्थ रुजला : विद्युतभारित काळे-पांढरे कण सरकवून उमटलेलं, वीज काढून घेतली तरी टिकणारं चित्र. मग २०१३ मध्ये लोकवर्गणीतून आलेलं एक मनगटी घड्याळ ई-पेपरचं म्हणून विकलं गेलं, आणि आत होती मेमरी एलसीडी. तिच्यात प्रत्येक ठिपक्यामागे एक बिट साठवणारं सर्किट असतं. वीज गेली की चित्रही जातं. हे नाव देणं ग्राहकाची दिशाभूल करणारं होतं, पण डिस्प्लेची निवड अचूक होती.

कारण ई-पेपरला ‘शून्य वीज’ लागते ती फक्त चित्र बदलत नाही तोवरच. २.७ इंची ई-पेपर एकदा बदलायला साधारण दोन सेकंद लागतात, तेवढा वेळ सुमारे २५ मिलिवॅट, म्हणजे ५० मिलिज्यूल. त्याच आकाराची मेमरी एलसीडी स्थिर चित्रावर सुमारे ५० मायक्रोवॅट घेते. भागाकार केला तर १,००० सेकंद येतात. म्हणजे सतराएक मिनिटांच्या आत चित्र बदलायचं असेल, तर तथाकथित शून्य विजेचा पडदाच महाग पडतो. तासाला एकदा तापमान लिहायचं असेल तर ई-पेपर, मिनिटाला वेळ दाखवायची असेल तर मेमरी एलसीडी. एवढा साधा हिशेब दुकानांच्या वर्णनात कुठेच नसतो.

मेमरी एलसीडीच्याही अटी आहेत. ठिपक्यांवर एकाच दिशेचा व्होल्टेज राहिला तर पडदा कालांतराने खराब होतो, म्हणून ध्रुवता (व्होल्टेजची दिशा) सेकंदाला एकदा तरी उलटवत राहावी लागते. मायक्रोकंट्रोलर गाढ झोपणार असेल तर हे काम बाहेरच्या टायमरकडे द्यावं लागतं. २.७ इंचीच्या मूळ आवृत्तीला ५ व्होल्ट लागतात, म्हणजे बूस्ट कन्व्हर्टरचा (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचा) स्वतःचा खर्च हिशेबात धरायला हवा. साध्या ई-पेपरची मर्यादा वेगळी : वापराची कमाल सहसा ५० अंश सेल्सिअस. विदर्भात मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या वर जातो. उन्हातल्या बंद पेटीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते.